बंद पडलेली डिटेक्टिव्ह मालिका वर्गणीतून पडद्यावर कशी आणावी: एका भिशीवाल्या काकूची वही

मी सांगलीत विश्रामबागेत एकवीस वर्षं भिशी चालवते. चाळीस बायका, एक लांब वही, दर महिन्याच्या पाच तारखेला चिठ्ठी. सिनेमातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण आमच्या पुतण्याने आणि त्याच्या चार मित्रांनी बंद पडलेल्या मालिकेचा सिनेमा लोकांच्या पैशातून काढायचा घाट घातला, आणि "काकू, पैशाची वही तू सांभाळ, आमच्यावर कोण विश्वास ठेवणार?" म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. सिनेमा झाला, दाखवून झाला. आता विटा, तासगाव, पार साताऱ्यातनं पोरांचे फोन येतात की काकू, कसं केलंत. दर वेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच लिहिते.

मालिकेचं नाव लिहीत नाही. हक्काचा कागद हातात असला तरी त्यातलं एक कलम अजून वकिलाकडे आहे. ज्यांनी पाहिली ते ओळखतीलच. मिरज जंक्शनवरून निवृत्त झालेली तिकीट तपासनीस बाई, सगळे तिला टीसी मावशी म्हणतात. तीस वर्षं बिनतिकीट लोकांची तोंडं बघितल्यामुळे कोण खोटं बोलतंय ते तिला समोरच्याने तोंड उघडायच्या आधी कळतं. रात्री साडेदहाला लागायची. ७८ भाग झाले आणि वाहिनीने एका शुक्रवारी गाशा गुंडाळला. शेवटच्या भागात मावशी हरिपुरातल्या हळद साठवायच्या जमिनीखालच्या जुन्या पेवात उतरते, तिला एक किल्ली सापडते, आणि संपलं. किल्ली कोणाची, ते गुलदस्त्यातच. भाजीवाली मला विचारायची, "काकू, तुमच्या पुतण्याला माहिती असंल की!" पुतण्याला माहिती होतं. सांगत नव्हता.

लोकांच्या मनात अशी एखादी किल्ली अडकलेली आहे का, हे सगळ्यात आधी बघा. "छान होती हो मालिका" म्हणणारे लोक खिशात हात घालत नाहीत. "पुढे काय झालं?" विचारणारे घालतात.

अमेरिकेतलं उदाहरण

पुतण्याने मला लॅपटॉपवर 'व्हेरोनिका मार्स' दाखवली. कॅलिफोर्नियातल्या नेपच्यून नावाच्या काल्पनिक गावातली शाळकरी पोरगी, बाप खासगी गुप्तहेर, ती त्याच्या ऑफिसात बसून प्रकरणं सोडवते. रॉब थॉमस याने रचलेली, क्रिस्टन बेल नायिका. २००४ ते २००७, तीन हंगाम, ६४ भाग, मग बंद. चाहत्यांनी वाहिनीला मार्स नावाची चॉकलेटं हजारोंनी पाठवली, तरी कोणी बधलं नाही. शेवट कसा, तर बाप शेरीफच्या निवडणुकीला उभा, ती त्याला मत देऊन पावसात चालत निघून जाते. निकाल नाही. बघा, तिथेही किल्लीच.

सहा वर्षं गेली. १३ मार्च २०१३ ला थॉमसने किकस्टार्टर या लोकांकडून वर्गणी गोळा करायच्या संकेतस्थळावर २० लाख डॉलर मागितले. ते अर्ध्या दिवसाच्या आत जमले. तीस दिवसांनी मोजलं तेव्हा ९१,५८५ लोकांनी मिळून ५७,०२,१५३ डॉलर दिले होते. मी लगेच भागाकार केला: माणशी ६२ डॉलर. म्हणजे कोणी शेठ मागे नव्हता, सगळी फुटकळ रक्कम. त्या उन्हाळ्यात २३ दिवसांत चित्रीकरण झालं आणि १४ मार्च २०१४ ला सिनेमा लागला. २०१९ मध्ये आठ भागांचा नवा हंगामही आला.

पोरं त्या ५७ लाखांकडे बघून हुरळली होती. मी त्यांना दुसरी गोष्ट दाखवली. पैसे मागायच्या आधी थॉमसने मालिकेचे हक्क असलेल्या वॉर्नर ब्रदर्सचा होकार घेतला होता. प्रसिद्धीचा आणि सिनेमा लावण्याचा भार तीच कंपनी उचलणार, हेही ठरलं होतं. नंतर लोकांनी टीकाही केली की एवढी गडगंज कंपनी आणि पैसे चाहत्यांचे, नफा मात्र कंपनीचा. टीकेत दम आहे. पण कागद आधी झाला होता म्हणूनच सिनेमा झाला, हेही तितकंच खरं.

आपल्याकडेही हे नवीन नाही. १९७६ चा 'मंथन' गुजरातच्या दूध संघाच्या सुमारे पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला. सांगली-साताऱ्याच्या माणसाला हे लगेच समजेल, कारण उसाच्या बिलातून कपात कशी होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तिथे पैसे गोळा करणारी यंत्रणा रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीवर उभीच होती. तुमच्याकडे अशी काही यंत्रणा आहे का? नसेल तर प्रत्येक रुपयासाठी दार वाजवावं लागणार.

आणि सांगलीकरांनी तर नाकच वर करून सांगावं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' नाटक केलं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय तुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन गाव सोडलं आणि १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. वाहिनीने मालिका बंद केली म्हणून रडत बसलेल्या पुतण्याला मी हेच ऐकवलं होतं.

कागद

शेवटच्या भागाच्या अखेरीस जी नावं पळतात ती थांबवून थांबवून वाचा. निर्मिती कोणाची, सादरकर्ते कोण, हक्क राखीव कोणाचे. मग लेखकाचा करार बघायला मागा. आमच्या लेखकाने "मालिका माझीच आहे" असं छातीठोक सांगितलं होतं. करार काढला तर कथा, पात्रं, नाव, पुढचे भाग, सिनेमा, सगळं त्याने वाहिनीला देऊन टाकलेलं. सही करताना वाचलं नव्हतं म्हणे. तिसऱ्या पानावर होतं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याचं कलम १९ आमच्या वकीलबाईंनी मला चहाच्या टेबलावर समजावलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी हवेत. तोंडी दिलेलं दिलं नाही. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. आणि घेणाऱ्याने एका वर्षात ते हक्क वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास ते गळून पडतात. हे ऐकून पुतण्या खुर्चीतून उठला होता. पण वाहिनीच्या वकिलाने ती खिडकी आधीच बंद केलेली, करारात वेगळं लिहिलेलं होतं. तुमच्या करारात नसेलही, म्हणून तपासा.

मग वाहिनीला पत्र. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला नाही. सात महिन्यांनी एक साहेब भेटले, म्हणाले, "करा की, आमची काय हरकत?" पोरं नाचायला लागली. मी म्हटलं, साहेब, हेच दोन ओळींत लिहून द्या. साहेब गप्प. तेव्हाच मला कळलं की पैसे जमले की हरकत उगवणार. आम्ही थांबलो. आणखी दोन महिने गेले, पण कागद आला: एक सिनेमा, एकच भाषा, पाच वर्षं, चित्रगृह आणि ऑनलाइन दोन्हीकडे दाखवायची मुभा, आणि खर्च वजा जाता उत्पन्नाचे चाळीस टक्के वाहिनीला. चाळीस टक्के ऐकून पोरांची तोंडं पडली. मी म्हटलं, शून्याचे साठ टक्के घेऊन काय करणार?

कागदात ही वाक्यं आहेत का बघाच: पात्रांची नावं वापरता येतील, शीर्षकगीत वापरता येईल की नाही (आम्हाला नाही मिळालं, नवं केलं), जुन्या भागांतली दृश्यं किती सेकंद घेता येतील, आणि चाहत्यांना द्यायच्या वस्तूंवर मालिकेचं चित्र छापता येईल का. हे शेवटचं सगळे विसरतात. परवानगी सिनेमाची असते, टी-शर्टची नसते.

सिनेमाचं नाव वेगळं नोंदवावं लागतं. कोल्हापूरला अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे, तिथे एक खेप झाली. येताना जयसिंगपूरचं भडंग घेतलं, तेवढाच त्या दिवशीचा फायदा.

पैसे कोणत्या खिशात

भारतातल्या माणसाला किकस्टार्टरवर मोहीम उघडता येत नाही. आपल्या इथली संकेतस्थळं आहेत, त्यातलं एक घ्या. पण घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. टक्केवारी किती आणि त्यावर जीएसटी धरून किती. लक्ष्य गाठलं नाही तर पैसे परत जातात की अर्धवटच आपल्या हाती येतात. आणि पैसे खात्यात कधी पडतात. किकस्टार्टरवर सगळं किंवा काही नाही असा नियम आहे, तो मला आवडतो. दहा लाखांच्या कामाला चार लाख हाती आले तर ते चार लाख म्हणजे गळफास. सिनेमा होत नाही आणि देणाऱ्यांना तोंड मात्र दाखवावं लागतं.

बँकेत वेगळं खातं, दोन सह्या. एक सही माझी, दुसरी पुतण्याच्या मित्राची, ज्याचं माझ्याशी फारसं पटत नाही. मुद्दाम.

गणपती मंडळाच्या पावतीपुस्तकावर हे पैसे घेऊ नका. आमच्या गल्लीतल्या दोघांनी भाबडेपणाने सुचवलं होतं. मंडळ वर्गणी मागतं ते धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीने, धर्मादाय कामासाठी. टीसी मावशी कितीही सज्जन असली तरी ती धर्मादाय काम नाही. आयकरात सूट मिळेल असंही कोणाला सांगू नका.

आणि "सिनेमा चालला तर नफ्यात वाटा देऊ" हे वाक्य तोंडातून काढू नका, व्हॉट्सॲपवरही नको. तसं म्हटलं की ती वर्गणी राहत नाही, गुंतवणूक होते. कंपनीने खासगीत शेअर विकायचे तर वर्षाला दोनशे माणसांची मर्यादा आहे, आणि लोकांकडून परतीच्या बोलीवर पैसे घेण्यावर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आहे. बुडीत योजनांनी या जिल्ह्यातली किती घरं पोळलीत ते मला नव्याने सांगायला नको. आमच्या पावतीवर ठळक अक्षरांत छापलं होतं: ही गुंतवणूक नाही, पैसे परत मिळणार नाहीत, खाली लिहिलेली वस्तू मिळेल.

मागायचं कसं

आरतीचं ताट फिरतं तेव्हा जाणता माणूस आधी आपलीच पन्नासाची नोट टाकतो. मग मागचे लोक नाणं टाकायला लाजतात. मोहिमेचं अगदी तसंच. रिकामं पान लोकांसमोर उघडू नका. आम्ही आधी यादी केली: भिशीच्या बायका, मालिकेत काम केलेले नट, पुतण्याचे कॉलेजचे मित्र, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांपैकी सहा जण जे रात्री दुकान बंद करून ही मालिका बघायचे. प्रत्येकाला विचारून ठेवलं की पहिल्या दोन दिवसांत देणार ना. दुसऱ्या दिवशी रात्री एकतीस टक्के भरलेले दिसत होते, आणि तिसऱ्या दिवसापासून अनोळखी लोक यायला लागले.

मधले दिवस मात्र मेलेले असतात. पंचेचाळीस दिवसांपैकी बारावा ते तिसावा, दिवसाला सहा-सात हजार. पोरं खचली. मी म्हटलं, भिशीतही मधल्या महिन्यांत कोणाला उत्साह नसतो, पहिली आणि शेवटची चिठ्ठीच सगळ्यांना हवी असते.

व्हिडिओ दोन मिनिटांचा ठेवा आणि मागणारा चेहरा पडद्यावरचाच ठेवा. व्हेरोनिकाच्या वेळी बेल स्वतः व्हिडिओत होती. आमची मावशी झालेली बाई मूळची हौशी रंगभूमीवरची. तिने आयर्विन पुलावर उभं राहून पदराची गाठ सोडली, किल्ली दाखवली, म्हणाली, "ही माझ्याकडं आहे. कुलूप उघडायचं का नाही ते तुम्ही ठरवा." बस्स. दिग्दर्शकाने आधी चार मिनिटांचं भाषण लिहून आणलं होतं, कलेच्या स्वातंत्र्यावर. ते आम्ही पुलावरच ठेवून आलो.

ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांना विसरू नका. रात्री साडेदहाची मालिका बघणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे होते. त्यांच्यासाठी मी कार्बन लावून पावत्या फाडल्या. रोख आली की दुसऱ्या दिवशी खात्यात भरायची, घरात ठेवायची नाही. तासगावच्या एका गुरुजींनी पंधराशेच्या रकान्यात एकवीसशे दिले. सहाशे परत करायला गेले तर म्हणाले, "पंधराशे हा काय आकडा आहे का? एकवीसशे शकुनाचे."

परतीचा आहेर

आता खरं दुखणं. पोरं याला रिवॉर्ड म्हणतात. मी परतीचा आहेर म्हणते, कारण तो तसाच आहे: लग्नात घेतलेला प्रत्येक आहेर वहीत चढतो आणि त्याचं देणं डोक्यावर बसतं. ज्या दिवशी पैसे येतात त्या दिवशी तुम्ही श्रीमंत होत नाही, तेवढ्या लोकांचे देणेकरी होता.

हिशोब उघडा करते. आमचं लक्ष्य दहा लाखांचं. १,४१७ लोकांनी मिळून ११,६२,००० दिले, माणशी ८२०. पेढे वाटले. मग मी वही घेऊन बसले.

संकेतस्थळाचे आणि पैसे वळते करणाऱ्यांचे मिळून आठ टक्के, ९२,९६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १६,७३३. टी-शर्ट ४१२, तिरुपूरहून आणले, एक २१० ला, म्हणजे ८६,५२०. ते पाठवायला सरासरी ६५ रुपये, २६,७८०. पोस्टरं ६००, छपाई २८, पुठ्ठ्याची नळी २२, टपाल ४५, एकूण ५७,०००. बेरीज करा, २,७९,९९३ रुपये गेले. सिनेमाला उरले ८,८२,००७. रुपयातले ७६ पैसे. लक्ष्याच्या वर एक लाख बासष्ट हजार जमूनही सिनेमाच्या हाती नऊ लाखसुद्धा नाहीत. पोरांनी अंदाजपत्रक साडेनऊ लाखांचं केलं होतं. ते कापताना दिग्दर्शकाचा क्रेनचा शॉट गेला, अजून बोलून दाखवतो.

म्हणून लक्ष्य ठरवताना उलटीकडून या. सिनेमाला नक्की किती लागतात ते लिहा, त्याला ०.७५ ने भागा, येईल तो आकडा मागा.

आहेर कोणता द्यायचा? व्हेरोनिकावाल्यांनी दहा डॉलरला पटकथेची फाईल ठेवली होती. हे फार शहाणपणाचं, पाठवायला खर्च शून्य. ३५ डॉलरला टी-शर्ट आणि सिनेमाची डिजिटल प्रत. वर दहा हजार डॉलरला एकाच माणसासाठी बोलती भूमिका, हॉटेलात बिल आणून देणारा वेटर. आम्ही दोनशेला श्रेयनामावलीत नाव ठेवलं, पाचशेला पोस्टर, पंधराशेला टी-शर्ट आणि पोस्टर, पंचवीस हजाराला एक वाक्य. ते वाक्य कुपवाडच्या एका कारखानदाराने घेतलं. "मावशी, गाडी लेट आहे" एवढंच. तेरा टेक लागले. तेरावाही काही फार बरा नव्हता.

पाच हजाराला "सेटवर एक दिवस" ठेवलं आणि तिथे माती खाल्ली. मर्यादा घातली नाही. वाटलं होतं सात-आठ जण येतील. पंचाहत्तर जणांनी घेतला. चित्रीकरणाचे दिवस चौदा, त्यात रविवार दोन, आणि प्रत्येकाला रविवारच हवा. दुसऱ्या रविवारी हरिपूरच्या त्या बोळात एकोणचाळीस पाहुणे, बायका-पोरांसकट. संगमेश्वराच्या देवळाकडून आलेली माणसं विचारायला लागली, लग्न आहे काय. पाहुणे उपाशी ठेवणार का? मी आणि भिशीच्या पाच जणी, झुणका, भाकरी, खर्डा, पातेलंभर ताक. दिग्दर्शकाने चार दृश्यांऐवजी दीड दृश्य केलं. पाहुणे खूश, सिनेमा मागे. प्रत्येक महाग आहेरापुढे "फक्त दहा" असं लिहा आणि दहावा आला की रकाना बंद करा, अकरावा कितीही जवळचा असला तरी.

टी-शर्टचं माप पैसे घेतानाच विचारा. आम्ही नंतर विचारलं. चारशे बारांपैकी नव्वद जणांनी उत्तरच दिलं नाही, अंदाजाने पाठवले, त्यातले चौतीस बदलून मागितले. त्या बदलाचं टपाल मी वरच्या हिशोबात धरलेलं नाही. ते कोणाच्या खिशातून गेलं ते विचारू नका.

डिजिटल प्रत हा साधा आहेर वाटतो, पण त्यात अमेरिकेतल्या भल्याभल्यांचीही फजिती झाली. सिनेमा लागला त्या दिवशी चाहत्यांना प्रत मिळाली ती एका ठरावीक सेवेतूनच, आणि अनेकांना ती उघडेचना. लोक इतके चिडले की ज्यांनी दुसरीकडून विकत घेतली त्यांना वॉर्नरने पैसे परत दिले. आम्ही साधी गोष्ट केली: प्रत पाठवण्याआधी ती पाच जणांना दिली, त्यात माझी पंच्याहत्तर वर्षांची नणंद आणि तिचा जुना फोन. नणंदेला उघडता आली, मग सगळ्यांना पाठवली.

आणि तारीख. आम्ही "गणपतीला" म्हटलं होतं. डिसेंबर उजाडला. लोक रागावले नाहीत, कारण दर महिन्याच्या पाच तारखेला मी सगळ्यांना निरोप पाठवत होते: किती आले, किती गेले, काय अडलं. सप्टेंबरच्या निरोपात लिहिलं, या महिन्यात काहीच झालं नाही, डबिंगवाला आजारी आहे. त्याला सगळ्यात जास्त उत्तरं आली, निम्म्यांत काढ्याची कृती.

बाकी फुटकळ

मिरज स्टेशनचं चित्रीकरण आम्ही सोडून दिलं. रेल्वेची परवानगी मिळते, पण शुल्क भरून आणि वेळ देऊन. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. मावशी निवृत्तच आहे, तिला फलाटावर जायचं कारण काय? गाडीचा आवाज लावला, काम झालं.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसेल तर सार्वजनिक खेळ लावता येत नाही, तेव्हा ते वेळापत्रकात आधीच धरा. आणि चौकटीत जनावर आलं की प्राणी कल्याण मंडळाचा दाखला लागतो. आमच्या एका दृश्यात मागून एक म्हैस संथपणे निघून जाते. दिग्दर्शकाला ती फार आवडली होती. त्या म्हशीसाठी कागद रंगवण्यापेक्षा दृश्यच कापलं.

पावसाळ्यात वस्तू तळमजल्यावर ठेवू नका. बाहेरच्यांना ही गंमत वाटेल. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोक्याची पातळी, आणि आमचा छापखाना मारुती चौकाकडे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सहाशे पोस्टरांचे गठ्ठे मी रिक्षाने विश्रामबागेत, वरच्या मजल्यावर आणून ठेवले. त्या वर्षी पाणी चढलंच नाही. शेजारीण अजून हसते.

पहिला खेळ देणाऱ्यांसाठीच ठेवा. आमचा विष्णुदास भावे नाट्यमंदिरात झाला. शेवटी नावांची यादी लागली, १,४१७ नावं, साडेसहा मिनिटं, आणि एक माणूस जागचा उठला नाही. आपलं नाव आलं की टाळी, शेजाऱ्याचं आलं की शिट्टी. नावं छापायच्या आधी देणाऱ्यांकडून तपासून घेतली होती, तरी दोन पाटलांच्या आद्याक्षरांची अदलाबदल झाली. दोघेही एकाच गावचे, आणि त्यांचं आपसात बोलणं नाही.

किल्ली कोणाची ते इथे सांगत नाही.

खातं मी अजून बंद केलेलं नाही. वहीत प्रत्येक नावापुढे "पोचलं" असं लिहिल्याशिवाय बंद करू नका, तुमच्याकडची पोरं कितीही घाई करोत. माझ्या वहीत तीन नावं उघडी आहेत. दोघांचे फोन लागत नाहीत. तिसऱ्यांनी पत्ता दिलाय "एसटी स्टँडसमोर, जत" एवढाच, आणि पार्सल दोनदा परत आलंय. टी-शर्ट एक्स्ट्रा लार्ज, पोस्टर एक. जतला एका हळदीकुंकवाला जायचंय पुढच्या महिन्यात, तेव्हा स्टँडसमोर उभी राहून विचारते.